गुडघ्याची गोळी

सोम., २८ जुलै

पहिला श्रावणी सोमवार. गिरगावात ताईकडे गेले. भावजी आरामखुर्चीत, तोंड सुकलेलं, शेजारी तिसरा तांब्या रिकामा. साखर मोजायचं मशीन काढायला लावलं. तीनशेच्या वर.

सकाळची गोळी घेतली का विचारलं. म्हणाले, "उपास आहे ना. उपासाला घ्यायची नसते. विचारलं मी."

कोणाला? तर फोनला.

मृण्मयीने, म्हणजे माझ्या भाचीने, मे महिन्यात पुण्याहून येऊन आईबाबांच्या फोनमध्ये ते एआय घालून दिलं. मराठीत विचारा, मराठीत उत्तर. आवाज बाईचा. ताई तिला फोनबाई म्हणते. मला वाटलं होतं पंचांग नि पाककृती विचारत असतील.

उत्तर वाचून पाहिलं. उपवासात काही न खाता ही गोळी घेतली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, डोस वगळण्याबाबत आपल्या डॉक्टरांशी बोला. भावजींनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्याच्या वेळी खिचडी आली.

साबुदाण्याची खिचडी दोन बश्या. बटाट्याचा कीस. साखर घातलेलं दही. केळी दोन. राजगिऱ्याचा लाडू. याला उपास म्हणतात.

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, सांगितलं तसं केलं. संध्याकाळपर्यंत साखर उतरली.

घरी येऊन त्या गोळीचा, ग्लिमेपिराइडचा, खोक्यातला माहितीचा कागद काढला. त्यातही तेच आहे. जेवण चुकलं तर साखर उतरते, सावध राहा. म्हणजे फोनबाई बरोबर, कागद बरोबर, आणि साखर तीनशे. कागद लिहिणाऱ्याने साबुदाणा पाहिलेला नाही.

मंगळ., २९ जुलै

सकाळपासून तेच डोक्यात. भावजींचं एक वेळ ठीक, त्यांना काही झालं की सगळ्या चाळीला कळतं. प्रश्न ताईचा आहे.

सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली तिची. तेव्हापासून रोज वॉरफरिन. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी, फार पातळ झालं तर रक्तस्राव. मधली वाट चिंचोळी, आणि जगातली निम्मी औषधं तिला एका नाहीतर दुसऱ्या बाजूला ढकलायला टपलेली. आणि ही बाई दोन महिने फोनला विचारून गोळ्या घेते आहे.

परळच्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली मी. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी शाल दिली, मी कागद आणले. औषधाच्या खोक्यात घडी घालून असतो तो, मुंगीच्या अक्षरांतला, जो लोक उघडतसुद्धा नाहीत. बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे भरून आहेत, नावांप्रमाणे लावलेले. जुने झाले की नवे मागून आणते. नाक्यावरचा केमिस्ट मला लांबून पाहूनच आत जातो.

संध्याकाळी गिरगावात फोन केला नि हुकूम सोडला. फोनबाईने दिलेलं प्रत्येक औषधी उत्तर आधी मला पाठवायचं. मी कागदाशी ताडणार. तोवर कोणी काही घेणार नाही आणि काही सोडणार नाही. पाठवायचं काम भावजींचं.

वही नवी काढली. लाल पेन. ब. बरोबर, अ. अर्धवट, चू. चूक.

शुक्र., १ ऑगस्ट

पहिला गठ्ठा आला. अकरा उत्तरं. भावजींनी स्क्रीनचे फोटो ताईच्या फोनने काढलेत, चारांमध्ये अंगठा.

दुपारभर ताडले. मला वाटलं होतं, निम्म्याहून जास्त कचरा निघेल.

ब. सात. अ. तीन. चू. एक.

सातांवर ब. लिहिताना हात जड झाला. पण जे आहे ते आहे.

तीन अर्धवटांपैकी एकात च्यवनप्राश 'नैसर्गिक असल्याने' चालेल म्हटलंय. नैसर्गिक तर धोतराही आहे.

चू. मात्र मोठी. 'वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या पूर्णपणे टाळाव्यात.' कागद म्हणतो, आहार एकसारखा ठेवा, पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम कमीही करू नका. पाला एकदम सोडला तर तेवढ्याच गोळीचा जोर वाढतो. लगेच फोन केला. ताईने पंधरा दिवसांपूर्वीच सोडलाय.

म्हणाली, "अळू नाही, माठ नाही, मेथी नाही. श्रावणात खायचं काय मी, पाटा?"

म्हटलं, पूर्वी जेवढं खात होतीस तेवढं हळूहळू सुरू कर. सहा वर्षांत मी तुला पाला बंद कर म्हटलं का?

"सहा वर्षांत काय खाऊ ते तू कधीच नाही सांगितलंस, शरू. काय नको तेवढंच सांगितलंस."

आयएनआर करून घे, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते कळेल, असं सांगून ठेवला फोन. या महिन्याची तपासणी राहिलीच आहे. मंगळागौर झाली की करते म्हणाली.

रवि., ३ ऑगस्ट

मृण्मयीकडून माझ्याही फोनमध्ये घालून घेतलं. शत्रू पाहायला हवा.

पालेभाजीची चूक दाखवली. लगेच उत्तर, 'आपण अगदी बरोबर आहात, माफ करा,' आणि पुढे सगळं कागदाप्रमाणे. बरं वाटलं. मग शंका आली. मुद्दाम उलटं विचारलं, की नाही, मीच चुकले, पालेभाजी पूर्ण बंदच करायची ना? 'आपण अगदी बरोबर आहात, माफ करा.'

असा एक कंपाउंडर होता आमच्याकडे. मोठ्या डॉक्टरांनी रविवार म्हटलं की त्याच्याकडे रविवार. त्याला मी मलमं भरायला बसवलं होतं.

वहीत शेरा: ज्ञान बरं. कणा नाही.

मंगळ., ५ ऑगस्ट

ताईच्या मंगळागौरीच्या गटाची तालीम पाहिली. गिरगावातल्या आठ बायका, सर्वांत लहान ती बासष्टची. शेवटच्या मंगळवारी, एकोणीसला, कार्यक्रम आहे एका हॉलमध्ये. कुंदाताई म्हणून प्रमुख आहेत, शाळेत पीटी शिकवायच्या. शिट्टी अजून गळ्यात.

ताई म्हणाली, मी फक्त गाते, बसून. पेटीशेजारी बसून गातच होती. मी निघेपर्यंत.

सोम., ११ ऑगस्ट

तिसरा सोमवार. भावजींनी गोळी घेतली आणि खिचडी एक बशी. मी समोर उभी होते.

पण आजची खरी गोष्ट दुसरीच. ताई आणि मी भाजी घेऊन वर चढलो. दोन मजले, लाकडी जिना, चव्वेचाळीस पायऱ्या. गेल्या वर्षभर ती प्रत्येक वळणावर टेकते, गुडघ्याला शिव्या देते, मग पुढे. आज माझ्या पुढे, हातात पिशवी, न थांबता, आणि वरून मला म्हणते, "काय गं, दमलीस?"

विचारलं, हे कसं काय. फोनबाईने दोन आठवड्यांपूर्वी व्यायाम दिलेत म्हणाली. घरी येऊन पाहिले व्यायाम. मांडी घट्ट करून पाय उचलायचा वगैरे. बरे आहेत. ब. दिला. पण दोन आठवड्यांत चव्वेचाळीस पायऱ्या? माझा नाही विश्वास.

आणि डाव्या कोपराखाली डाग. पिकल्या जांभळाएवढा, जांभळाच्याच रंगाचा. लाटणं लागलं म्हणे. म्हटलं, उद्या आयएनआर. म्हणाली मंगळागौर झाली की. मग मी जरा बोलले. भावजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून.

ताई शेवटी एवढंच म्हणाली, "झालं तुझं?" आणि कणीक मळायला लागली.

बुध., १३ ऑगस्ट

सकाळी भावजींना एक उत्तर पाठवायचं होतं, इसबगोलाचं. त्यांनी चुकून ताईचं फोनबाईशी झालेलं अख्खं संभाषण पाठवलं. मे महिन्यापासूनचं.

वाचायला नको होतं. वाचलं.

तेवीस जूनला ताई विचारते, 'मी रक्त पातळ होण्याची गोळी घेते. सोबत गुडघ्याची गोळी चालेल का?'

फोनबाई म्हणते, गुडघ्यांसाठी साधारणपणे कॅल्शियम किंवा सांध्यांची पूरक औषधं देतात, त्यांची सहसा अडचण नसते, तरी गोळीचं नाव कळवल्यास नेमकं सांगता येईल.

ताईने नाव कळवलं नाही. तिला ठाऊकच नाही. पुढचा प्रश्न बिरड्याच्या वालांना मोड कसे आणायचे.

मग जुलैत, 'फुगडी घालायची आहे. गोळी सकाळी एक घेते, तालमीच्या दिवशी दोन घेतल्या तर?'

फोनबाईने पुन्हा नाव विचारलंय. ताई लिहिते, 'सांगितलं ना गुडघ्याची. आणि हे शरूला सांगायचं नाही. माझी बहीण आहे, औषधांतलं तिला सगळं कळतं, पण ती ओरडते. तू ओरडत नाहीस.'

उत्तर आहे, 'तुमची भावना समजू शकते. मी कोणालाही सांगणार नाही. पण तुमच्या बहिणीला औषधांची माहिती असेल, तर गोळी त्यांना दाखवणं तुमच्या हिताचं ठरेल.'

मग ब. लिहिलं.

तशीच चपला घालून निघाले. टॅक्सी. पोचले तेव्हा ताई पोह्याचे पापड डब्यात भरत होती. म्हटलं, गुडघ्याची गोळी दाखव.

तिने भावजींकडे पाहिलं. भावजी बाल्कनीत गेले. मग तिने कपाटातून मंगळागौरीची नऊवारी काढली, घडी उलगडली, आत स्ट्रिप.

डायक्लोफेनॅक.

वॉरफरिनवर डायक्लोफेनॅक. रक्त आधीच पातळ, वर ही गोळी पोटाचं अस्तर खरवडणार. आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला तर कळायलाही उशीर. हे खिडकीत पाहिलंय मी, एकदा नाही.

आली कुठून? भावजींचा खांदा धरला होता गेल्या वर्षी, तेव्हाची. त्यांच्या खणात होती तोवर ती खांद्याची गोळी होती. ताईच्या डब्यात आली, गुडघ्याची झाली. संपली तेव्हा रिकामी स्ट्रिप कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवली, त्याने तशाच तीन दिल्या. चिठ्ठी विचारली नाही, कागद दिला नाही.

ओरडायला तोंड उघडलं होतं. पण ते वाक्य आठवलं, तू ओरडत नाहीस. तोंड मिटलं. ताईला माझी भीती वाटली असावी, कारण ती म्हणाली, "बोल ना काहीतरी."

म्हटलं, पोटात दुखतं का? शौचाला काळं होतं का? नाही म्हणाली. चपला घाल, म्हटलं, डॉक्टरकडे.

टॅक्सीत आठवलं. खिडकीत रोज दीडशे-दोनशे माणसं, मागे रांग, घाई. 'ही गुलाबी दाबाची, सकाळी. ही पांढरी पित्ताची, उपाशीपोटी. ही लांबट गुडघ्याची.' एकतीस वर्षं हेच म्हणत आले मी. नावं मी वाचली, लोकांना अवयव सांगितले. ताईला गोळीचं नाव माहीत नाही, ते शिकवलं कोणी?

गुरु., १४ ऑगस्ट

आयएनआर ४.८. तिचं अडीच ते साडेतीनमध्ये पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, पालेभाजी एकदम सोडली, त्याने रक्त जास्त पातळ झालं असणार. वर ती गोळी. दोन्ही मिळून केव्हाही महागात पडलं असतं. डायक्लोफेनॅक बंद, आजची वॉरफरिन चुकवायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी. गुडघ्याला पॅरासिटामॉल, तेही मोजून, आणि शेक. फुगडी बंद.

ताईने विचारलं, कायमची की या वर्षापुरती. डॉक्टर म्हणाले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती चालू कशी होती हेच मला कळत नाहीये.

जाताना मला म्हणाले, "तुम्ही फार्मसीत होतात ना?" एवढंच. तेवढं पुरलं.

शनि., १६ ऑगस्ट

ताई बोलत नाही. फोन भावजी उचलतात. "ती म्हणते, ती देवपूजेत आहे." दुपारी एक वाजता.

संध्याकाळी भावजींनी एक फोटो पाठवला. हुकूम अजून पाळतात. ताईने फोनबाईला विचारलंय, 'बहिणीने माझं सगळं संभाषण चोरून वाचलं आणि फुगडी बंद केली. काय करावं?'

उत्तर: 'तुम्हाला राग येणं स्वाभाविक आहे. खाजगी संभाषण न विचारता वाचणं योग्य नाही. तरी त्यांनी काळजीपोटी केलं असावं.'

ब. लिहिलं. पहिल्या दोन वाक्यांनाही.

सोम., १८ ऑगस्ट

शेवटचा सोमवार. गेले नाही. बोलावलं नाही.

दुपारी कुंदाताईंचा फोन. उद्या कार्यक्रम, फुगडीच्या जोड्या चार, आणि ताईची जोडीदारीण एकटी. म्हटलं, मग तीन जोड्या करा. म्हणाल्या, तीन विषम दिसतात. म्हटलं, मी अडुसष्ट वर्षांची आहे, कॉलेजात असताना शेवटची फुगडी घातली. म्हणाल्या, त्या सत्तर वर्षांच्या आहेत, काल घातली. नऊवारी ताईंची आहेच. साडेचारला या, लवकर, शिट्टीवर.

मला कोणी शिट्टीवर बोलवेल असं वाटलं नव्हतं. पटकन हो म्हणून गेले.

मंगळ., १९ ऑगस्ट

झालं.

ताईने नऊवारी नेसवली. न बोलता. काष्टा असा ओढला की श्वास अडकला. घडीत काही राहिलंय का पाहिलं मी, तिने पाहिलं मी पाहिल्याचं.

झिम्मा बरा गेला. मग फुगडी. जोडीदारीण सत्तरची, मनगटं लोखंडी. ताई पेटीशेजारी, गाणं तिच्या हातात. पहिलं कडवं ठीक. दुसऱ्याला लय चढली. वाटलं, रिवाज असेल. तिसऱ्याला ताईने माझ्याकडे पाहिलं, थेट, आणि लय दुप्पट केली. पेटीवाल्या बाई धावत सुटल्या. बाकीच्या तीन जोड्या शहाण्या, एक-एक करून सुटल्या. आम्हाला सुटता येईना, ती मनगटं सोडेना. हॉल फिरतोय, पंखे फिरताहेत, मधून मधून ताईचा चेहरा, गातेय, अजून एक कडवं, हे कडवं या गाण्यात नाहीच.

थांबलो तेव्हा मी भिंतीला धरून. टाळ्या. ताई हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय, पेटीवर डोकं टेकून.

मग पाणी घेऊन आली. म्हणाली, "काय गं, दमलीस?"

बुध., २० ऑगस्ट

उठता येत नाही. दोन्ही गुडघे. खुर्चीतून उठायला टेबल, टेबलापासून ओट्यापर्यंत भिंत.

लिहायचं तर खरं लिहायचं. माझ्याही कपाटात डायक्लोफेनॅकची स्ट्रिप आहे, दाढ काढली तेव्हाची. चार शिल्लक. स्ट्रिप हातात घेतली. एकाने काय होतंय, असंही मनात आलं. मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेते. दोन्हींचं जमत नाही, मूत्रपिंडाला त्रास, दाबही चढतो. हे मला झोपेतही माहीत आहे. तरी स्ट्रिप हातात होती.

कागदांचा डबा वरच्या फळीवर, चढवेना. मग फोन घेतला. नावं लिहून विचारलं, टेल्मिसार्टन, डायक्लोफेनॅक, वय अडुसष्ट. नीट उत्तर आलं. नको म्हणाली, का तेही सांगितलं.

नंतर स्टुलावर चढून कागद काढलाच. शब्दाला शब्द नाही, पण अर्थाला अर्थ. ब. नावाने विचारलं तर येतं तिला.

स्ट्रिप पाण्यात भिजवून टाकली. पॅरासिटामॉल एक, शेक.

शनि., २३ ऑगस्ट

काल ताईचा आयएनआर ३.१. देव पावला. पण अजून एकदा व्हायला हवा, पुढच्या शनिवारी.

आज गिरगावात दोन पुठ्ठे नेले, मोठ्या अक्षरांत. एकावर ताईच्या गोळ्या, दुसऱ्यावर भावजींच्या. नाव आधी, मग कशासाठी, मग केव्हा. स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवले. दोघांची तोंडी परीक्षा घेतली. भावजी मेटफॉर्मिन म्हणाले पहिल्या झटक्यात, ग्लिमेपिराइडला अडखळले, तीनदा घोटलं. ताई वॉरफरिनला आधी 'वार फिरवीन' म्हणाली. मुद्दाम. चौथ्यांदा नीट.

मग म्हणाली, माझीही अट आहे. काही विचारायचं झालं तर आधी तुला विचारीन, मग तिला. पण तू ओरडायचं नाही.

म्हटलं, मी ओरडत नाही, माझा आवाजच तसा आहे.

भावजी बाल्कनीतून म्हणाले, "हे मी चाळीत कोणालाही विचारून सांगू शकतो."

ताई म्हणाली, फोनबाईकडून शीक. काही झालं की ती आधी काय म्हणते?

म्हटलं, तुमची भावना समजू शकते.

"हे असं दात चावून नाही."

तीनदा घोटलं. ग्लिमेपिराइड बरं.

बुध., २७ ऑगस्ट

गणपती. ताईकडे दीड दिवसाचा. सकाळपासून तिथेच. मोदक एकवीस, भावजींना एक. त्यांनी फोनबाईला विचारायचं म्हटलं, मी पाहिलं, फोन खिशात गेला.

राहायला थांबले आहे. ताईने वही पाहिली. ब. अ. चू. म्हणजे काय विचारलं, सांगितलं. पानं चाळली, मग म्हणाली, "आणि मला काय दिलेस मार्क?" म्हटलं, माणसांना देत नाही. म्हणाली, देतेस, तोंडावर देतेस, वहीत लिहीत नाहीस एवढंच.

गुरु., २८ ऑगस्ट

ऋषिपंचमी. सकाळपासून घरभर पाला. अळू, माठ, लाल माठ, भोपळ्याचा पाला, राजगिरा, अंबाडी, वर पडवळ, भेंडी, मक्याची कणसं. वर्षभराचं हिरवं एका पातेल्यात. ताई सहा वर्षं ही भाजी स्वतः करते आणि माझ्या धाकाने चाटण्यापुरती खाते, हे आज कळलं. मी कधी विचारलं नव्हतं.

जेवणाआधी पातेल्यापाशी उभी राहिली, वाटी हातात. "बोल. किती?"

पहिल्यांदाच मला आधी विचारलं.

कागद म्हणतो एकसारखं. एकसारखं म्हणजे किती वाट्या, हे कागदात नाही. गेल्या पंधरवड्यात तिने रोज थोडा पाला सुरू केलाय. आज अचानक दोन वाट्या नको. अजिबात नको असंही नाही. डॉक्टरांचा फोन बंद, त्यांच्याकडेही गणपती असेल. भावजींनी फोनबाईला विचारलंच. तिने मात्रा नियमित ठेवा आणि डॉक्टरांशी बोला म्हटलं. आज एवढं ब. असून उपयोग शून्य.

शेवटी मीच वाटी घेतली. रोज खातेस तेवढीच, म्हटलं, याच वाटीने, अर्धी. रोजची मेथी आज नाही, तिच्या जागी ही. आणि शनिवारी रक्त तपासायचं, मी येते सोबत.

अर्धी वाटी वाढून दिली. तिने वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "एवढी कोणीच दिली नव्हती."

जेवली. मन लावून, कणीस शेवटपर्यंत चोखून. मी वाटी कुठली ते वहीत लिहून ठेवलं, शनिवारी लागेल.

संध्याकाळी विसर्जनाची आरती व्हायची होती. भावजी खाली पाट ठेवायला गेलेले. ताई देवाजवळ वाती सारखी करत होती, पाठ माझ्याकडे. म्हणाली, "शरू, पुठ्ठ्यावर एक नाव राहिलंय."

कुठलं, म्हटलं.

"नाव मला माहीत नाही. झोपेची आहे." मग, वात पुढे सारत, "ओरडणार नाहीस ना?"

माझ्या हातात लाल पेन होतं. टोपण लावलं.

म्हटलं, तुझी भावना समजू शकते. दात न चावता जमलं, मला वाटतं. ती वळली नाही, पण खांदे हलले, हसली की काय ते कळलं नाही.

म्हटलं, आण.